आत वारा येऊ देणार नाही!

मित्रांनो, मी एक जुनी मुरघासाची, म्हणजे जनावरांसाठी हिरवा चारा मुरवून ठेवायची बॅग आहे. बाहेरून जाड विणीची, आतून गुळगुळीत प्लास्टिकची. माझं काम एकच. आतला रस बाहेर सोडायचा नाही आणि बाहेरची हवा आत घ्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा!

ईट गावात शिवांजलीच्या घरी मी नवीकोरी आले. ती तेव्हा नववीत होती. त्यांची चंद्री म्हैस गाभण होती आणि आईनं सांगूनच टाकलं होतं, "उन्हाळ्यात वैरण सरली की चंद्रीला बाजार दाखवायचा." शिवांजली हट्टालाच पेटली. तिनं हिरव्या मक्याची कुट्टी माझ्यात भरली, नाचून नाचून तुडवली आणि माझं तोंड सुतळीनं घट्ट आवळलं.

थोड्याच दिवसांत मी टम्म फुगले. मक्यातून वायू सुटत होता आणि मी तो कोंडून धरला होता. बलभीम आजोबा मला बघून हळहळले. त्यांनी दाभण आणलं आणि माझ्या कुशीत खुपसलं. फुस्स!

"आजोबा! अवो, काय केलंत हे?" शिवांजली धावत आली.

"गुदमरायली की गं वैरण! कडब्याच्या गंजीला वारा लागतो का न्हाय?"

"कडबा वाळवायचा असतो. हे हवेबिगर मुरवायचं असतं. वारा लागला की बुरशी!"

"मुरवायला ते काय लोणचं हाय?"

"व्हय! चंद्रीचं लोणचंच हाय ते!"

तिनं भोक पुसलं आणि चिकटपट्टीवर चिकटपट्टी दाबली. मीही ठरवलं, आता काही झालं तरी हवेला आत घ्यायचं नाही. कडक ऊन झालं, उंदरांनी हुंगून पाहिलं, मी हटले नाही.

उन्हाळ्यात माझं तोंड सोडलं तेव्हा सगळे आत डोकावले. भोकापाशी मूठभर काळी बुरशी होती. ती आजोबांनीच काढून लांब टाकली. बाकी सगळा मुरघास पिवळसर, आंबूस वासाचा! चंद्रीनं टोपल्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. बाजाराचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

आता माझ्या अंगावर ठिगळं आहेत. मित्रांनो, रिकामी झाले म्हणून मला उकिरड्यावर फेकू नका. धुवा, सावलीत वाळवा, भोकं बुजवा. मी अजून लढेन!

यंदा शिवांजलीनं मला पुन्हा भरलंय. परवा शेजारच्या महानंदाकाकू माझ्या फुगलेल्या पोटाला बोट लावायला आल्या. आजोबा काठी टेकत उठलेच.

"लांबूनच बघ गं बाई! आत चंद्रीचं लोणचं मुरायलंय."