तानुबाईचं न्हाणीघर

"दूर ऱ्हाय. मन्हा पदरले हात लावू नको."

आईचा हा आवाज सुमनच्या कानातून कधी गेलाच नाही. लग्न झालं, सासर अंगवळणी पडलं, पोटात बाळ वाढू लागलं, तरी गेला नाही. हळदीच्या दिवशी ती पाटावरून उठून आईच्या गळ्यात पडायला धावली होती. तानुबाई मागच्या मागे सरकली, हात पदराखाली लपवले आणि साऱ्या बायकांदेखत हे बोलली.

तानुबाई दोंडाईच्याला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत न्हाणीघर सांभाळायची. नवरा मगन तिथलाच रखवालदार. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारी माणसं आगगाडीतून उतरली की आधी आंघोळीला यायची. चुलाण पेटवायचं, हंडे तापवायचे, मोरी घासायची, पंचे पिळून खुंटीवर टाकायचे, हे तिचं काम. पंचे मोजके आणि माणसं फार. त्यात सोवळ्याच्या बायकांना पंचा ओलाच हवा असे. वाळलेल्याला कुणाचाही हात लागतो, ओल्याला विटाळ नाही, ही त्यांची समजूत. एकीनं अंगावरचा सोडला की तानुबाईनं तो पिळायचा आणि दुसरीच्या हाती द्यायचा. ऊन त्या कापडांना माहीतच नव्हतं.

सुमनचं लग्न तोंडावर आलं आणि तानुबाईच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठलं. खाजेनं जीव नको झाला. दवाखान्यातल्या अभिमन कंपाउंडरनं बघताक्षणी सांगितलं, खरूज आहे, एकमेकींच्या ओल्या पंच्यांतून आली. गंधक खोबरेल तेलात खलून दिलं आणि बजावलं, की बरं होईतो कुणाला शिवू नका, अंथरूण वेगळं ठेवा, पंचे उकळा आणि कडक उन्हात घाला.

कुणाला म्हणजे सुमनलाही. तानुबाईनं हे गिळून टाकलं. सासरी कळतं तर लग्न मोडलं असतं. मगन भोळा, तो पारावर जाऊन बोलला असता. आणि सुमनला सांगावं, तर त्या पोरीनं ऐकलंच नसतं. लहानपणी आईला ताप आला की ती मुद्दाम तिच्याच गोधडीत येऊन निजायची.

हळदीला बायका गाऊ लागल्या:

हयद लावा वं बहिनी, नवरीना गालले,
पहिला मान मायना, मंग बठ्ठा गावले.

माय पुढे आली नाही. बायका पुन्हा तीच ओळ म्हणाल्या, मग तिसऱ्यांदा. शेवटी तिची जाऊ भिकुबाई उठली. "नवरी तुन्ही शे का मन्ही वं?" म्हणत तिनं हळदीत बोटं बुडवली. हळदही तिनंच लावली, न्हाऊही तिनंच घातलं. सुमन आईकडे बघत राहिली, आणि मग बघायची थांबली.

हात बरे झाले. पंचे उकळून स्टेशनाच्या कुंपणावर उन्हात झुलू लागले. एका यात्रेकरू बाईनं नाक मुरडलं, सुका पंचा आम्ही अंगाला लावत नाही म्हणाली. तानुबाई म्हणाली, "मंग आपला आना, माय. आठे एकीना पंचा दुसरीले भेटाव नही." त्या बाईनं धर्मशाळेच्या मालकाकडे गाऱ्हाणं नेलं. तानुबाई बोलणी खाऊन आली आणि पुन्हा हंड्यात पंचे टाकू लागली.

सुमनला सांगायचं मात्र राहिलं. आता सांगितलं तर सबब वाटेल, असं तिला वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू करता करता शब्द आतल्या आत मुरत गेला. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुमन माहेरी यायची, पण उतरायची भिकुबाईकडे. झोका तिथं, सांजोऱ्या तिथं. आईला भेटून जायची, पाहुणी भेटते तशी. पहिलं बाळंतपणही तिनं काकूकडेच काढलं. धर्मशाळेत माणसांची वर्दळ फार, असं कारण दिलं. गल्लीनं ते मानल्यासारखं केलं.

मुलगी झाली. बाळाची नाळ अजून पडायची होती, आणि भिकुबाईच्या बोटाला नखुरडं झालं. पू धरलेल्या बोटाला चिंधी बांधून ती बाळाला न्हाऊ घालायला बसली, तेवढ्यात तानुबाई दारात आली. तिची नजर बाळावर गेली आणि मग त्या चिंधीवर.

"भिकुबाई, त्या बोटनी नको. बेंबी कच्ची शे."

"इतला दिवस कोठे व्हती?" भिकुबाई म्हणाली. तरी ती पाटावरून उठली, कारण बोट ठणकत होतं आणि तानुबाईच्या आवाजात हट्ट नव्हता.

तानुबाई मोरीत शिरली. बाळाला हात लावला नाही. आधी बांगड्या वर सारल्या, कढत पाणी घेतलं, साबण घेतला, नखांच्या कडा घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या, पुन्हा पाणी घेतलं. घासतच राहिली. सुमन बाजेवर बसून बघत होती. बाळ उघडं, रडतं, आणि आई हातच धुतेय.

"ऱ्हाऊ दे, माय," सुमन म्हणाली. "जीव व्हत नही ते ऱ्हाऊ दे. हिले बी दूर ठेव."

तानुबाईचे हात थांबले. बोटांवरून पाणी निथळत होतं. ती बोलली तेव्हा सुमनकडे न बघता, मोरीच्या दगडाकडे बघून बोलली.

"हयदना दिन मन्हा हातले खरूज व्हती, सुमन. न्हाणीघरमा लागनी. तसा हात तुन्हा आंगले कसा लावू?"

बाळ रडत होतं. तानुबाईनं ते दोन्ही हातांनी उचललं, गुडघ्यांवर पालथं घेतलं, तळहातात पाणी घेऊन पाठीवर सोडलं. बाळ हळूहळू रडायचं थांबलं.

"हयदले भिकुबाई तुले न्हाऊ घाली राहिंती," ती म्हणाली, "तवय मी भिंतना मांगे उभी व्हती. एकेक तांब्याना आवाज मी ऐकेल शे."