शेंद्रीची खिंड उतरताना

हृदयात स्टेंट बसवून वर्षही झालं नव्हतं, तोच डोंबिवलीच्या सुदेश तावड्यांनी मोटरसायकल घेतली. साधीसुधी नाही. डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांसाठी बनवलेली, उंच, जड, पुढे वाऱ्याला आडवी काच आणि मागे सामानाला लोखंडी पिंजरा. कोलशेतच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्सला काढलेली, त्यामुळे यंत्राला ते कधी बिचकले नव्हते. येत्या जूनमध्ये कंपनीतला जुना सोबती प्रशांत याच्याबरोबर स्पितीला जायचं आणि तिथल्या खिंडी ओलांडायच्या, हे त्यांनी घरात कोणाला न विचारता ठरवून टाकलं.

बायको विनिता भांडली नाही. भांडली असती तर संचिताला, त्यांच्या मुलीला, जरा हलकं वाटलं असतं. पण आई नुसती गप्प झाली होती. बाबांना बाथरूममध्ये थोडा जास्त वेळ लागला की ती दाराबाहेर येऊन उभी राहायची आणि कडी वाजली की लगबगीनं स्वयंपाकघरात जायची. शेवटी एक दिवस भाजी निवडताना ती म्हणाली, "स्पिती राहू द्या. आधी इथल्याच एखाद्या वाईट रस्त्यावर जाऊन या. संचिताला मागे बसवून."

"हिला कशाला?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही पडलात तर कोणीतरी सांगायला नको का मला?"

संचिता नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये काम करायची. तिला गाड्यांची हौस नव्हती. कॉलेजात असताना बाबांनी कोलशेतला खाडीकडच्या रिकाम्या रस्त्यावर तिला त्यांची जुनी गिअरची गाडी शिकवलेली, पण नंतरची सगळी वर्षं ती स्कूटरवरच होती. तरी ती तयार झाली. घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा मागे बसणं बरं, असं तिला वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते सकाळी निघाले. कल्याण सोडलं, मुरबाडला चहा घेतला, आणि टोकावड्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळले. तिथून शेंद्रीच्या खिंडीत एक कच्चा रस्ता चढतो. विजेचे टॉवर उभारताना ट्रक जायला म्हणून तो केलेला. टॉवर उभे राहिले, ट्रक यायचे थांबले, आणि पावसानं रस्त्याचं जे करायचं ते केलं.

चढताना बाबा छान चालवत होते. खड्डा आला की फूटरेस्टवर उभे राहत आणि गुडघ्यात वाकून धक्का घेत. संचिताचं मात्र रस्त्याकडे लक्षच नव्हतं. तिनं एक हात बाबांच्या पाठीवर ठेवला होता आणि जॅकेटवरून त्यांचा श्वास कळतोय का ते बघत होती. दर थोड्या वेळानं ती विचारायची, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"अगं, आत्ताच तर विचारलंस."

खिंडीच्या माथ्यावर ते थांबले. फोनला रेंज नव्हती. संचिता म्हणाली, "आलो त्याच वाटेनं परत जाऊ या. ती बघितलेली तरी आहे."

"पलीकडची उतरण जवळची आहे. खाली गाव, गावातून थेट हायवे. तासाभरात मुरबाड."

पलीकडची बाजू दोघांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती, बाबांनी ती फक्त नकाशावर बघितलेली. पहिली दोन वळणं ठीक होती. तिसऱ्या वळणावर पाण्यानं रस्त्याचा मधला भाग पोखरून नेला होता. डोंगराकडून सुटे दगड घसरून आलेले आणि दरीकडे जेमतेम गाडीपुरती पट्टी उरलेली. बाबांनी वेग कमी केला. संचिताला त्यांची पाठ एकदम ताठ झाल्याचं जाणवलं. पुढचं चाक एका दगडावर चढलं, दगड निसटला, आणि गाडी डावीकडे, डोंगराच्या अंगाला, आडवी झाली. उजवीकडे झाली असती तर काय झालं असतं याचा विचार तिनं तेव्हा केला नाही.

तिचं कोपर सोलवटलं होतं. बाकी काही नव्हतं. बाबाही उठून उभे राहिले. दोघांनी मिळून गाडी उभी केली. डाव्या बाजूचा आरसा गेला होता, स्टँडजवळ दगडाचा मार लागलेला दिसत होता, पण बटण दाबल्यावर इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"बघ," बाबा म्हणाले आणि गाडीवर बसले. पहिला गिअर टाकला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं. न्यूट्रलला व्यवस्थित फुरफुरत होतं. गिअर टाकला की बंद.

चौथ्यांदा तसंच झाल्यावर बाबा खाली उतरले आणि दगडावर बसले. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावरून घाम ओघळत होता, आणि वारा तर चांगला गार होता.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"दुखत नाही. दाबल्यासारखं वाटतंय."

लॅबमध्ये रोज कोणाकोणाचे रिपोर्ट हाताखालून जाणाऱ्या संचिताला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. तिनं त्यांच्या खिशातली, स्टेंटनंतर कायम जवळ बाळगायची छोटी डबी काढली आणि तिच्यातली गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. मग फोन उंच धरून वळणापर्यंत गेली, मागे आली, पुन्हा गेली. रेंज नव्हती. खाली दरीत गावाची घरं दिसत होती, काडेपेट्यांएवढी. तिनं जोरात हाक मारली. आवाज कुठेच पोचला नाही.

तिला तीनच वाटा दिसत होत्या. बाबांना चालवत खाली न्यायचं, तर हृदयावर ताण. त्यांना इथं एकटं सोडून मदत आणायला जायचं, तर ती परत येईपर्यंत काय होईल कोण जाणे. तिसरी वाट म्हणजे ही गाडी, आणि ती तर जागची हलायला तयार नव्हती.

"गिअर टाकला की का बंद पडते?" तिनं विचारलं.

"क्लच असेल. वायरिंग असेल. मला सुचत नाहीये काही," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. घरातला मिक्सर बिघडला तरी आवाजावरून दोष सांगणारा माणूस.

ती गाडीभोवती फिरली. वाकून डावीकडून पाहिलं. स्टँडच्या सांध्याला एक काळी डबी होती. ती दगडानं चेचली होती आणि तिच्यातून वायर बाहेर आली होती.

"बाबा, माझी स्कूटर स्टँड खाली असला की चालूच होत नाही. हिला पण तसं काही आहे का?"

बाबांनी मान वर केली. "आहे. स्टँड खाली ठेवून गिअर टाकला तर इंजिन बंद करते." ते थांबले. "तो स्विच फुटला असेल तर तिला वाटतंय स्टँड खालीच आहे."

"मग काय करायचं?"

"दोन वायरी येतात त्यातून. कापून एकमेकींना जोडायच्या. सीटखाली पक्कड आहे." ते उठायला लागले, पण हात मांडीवरून उचलवेनात. "तू कर. मी सांगतो."

वायर कापताना संचिताला वाटलं, आपण चुकलो तर आता जे चालू होतंय तेही बंद पडेल. पक्कडीनं तिनं वरचं प्लास्टिक सोललं. पहिल्यांदा तारच तुटली. दुसऱ्यांदा जमलं. दोन्ही टोकांना पीळ दिला आणि प्रथमोपचाराच्या पाकिटातली चिकटपट्टी वर गुंडाळली. मग उभं राहून, गाडीवर न बसताच, क्लच दाबून गिअर टाकला. इंजिन चालू राहिलं.

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण आता ती तिलाच चालवायची होती.

"तुम्ही मागे बसा," ती म्हणाली.

"तुझे पाय पुरणार नाहीत खाली."

"तुमचे पुरतील ना."

तसंच ठरलं. ती पुढे, बाबा मागे. गाडी थांबली की दोन्हीकडे पाय टेकायचे ते बाबांनी. एरवी हसू आलं असतं, पण ती क्लच आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. ती पोखरलेली पट्टी तेवढी बाबांनी चालत, डोंगराला हात लावत ओलांडली. संचितानं गाडी इंजिनाच्या जोरावर, स्वतः बाजूला चालत, बोट-बोटभर पुढे नेली. मागचं चाक एकदा दरीकडे सरकलं. तिनं ब्रेक सोडला नाही, आणि चाक दगडाला अडलं.

पुढची उतरण पहिल्या गिअरमध्येच झाली. दोनदा इंजिन बंद पडलं. एकदा गाडी कलली, पण बाबांनी पाय रोवून ती सावरली. ती सतत बोलत होती. "बाबा, आता कसं वाटतंय? बाबा, बोलत राहा." ते "हं" म्हणायचे. एका मोठ्या वळणानंतर "हं" आलं नाही, आणि तिनं भर उतारावर गाडी थांबवून मागे वळून पाहिलं. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"बाबा!"

"आहे गं, आहे. दरीकडे बघवत नाही म्हणून मिटलेत."

त्या वेळी त्या बोलण्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला नाही. डोळे उघडे ठेवा एवढंच ती म्हणाली आणि पुढे निघाली.

गावातल्या एका जीपवाल्यानं त्यांना मुरबाडच्या हॉस्पिटलात पोचवलं. गाडी गावातच एका अंगणात ठेवली. रेंज आल्या आल्या तिनं आईला फोन केला. आई फक्त "कुठलं हॉस्पिटल?" म्हणाली आणि निघाली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, काही वेळानं दोन्ही पुन्हा केलं. मग खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. "हृदयाला काही झालेलं नाही, काका. तुम्ही घाबरलात. पडल्यावर होतं असं. आजची रात्र राहा, उद्या घरी."

संचिता खाटेच्या कडेवर बसली. बाबांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पडलेला.

"काहीतरी निघायला हवं होतं," ते हळूच म्हणाले.

"काय बोलताय तुम्ही?" तिचा आवाज चढला. "मी त्या डोंगरावर काय काय विचार केला, माहीतेय तुम्हाला? तुम्ही गेलात तर आईला कुठल्या शब्दात सांगायचं, हे मी ठरवत होते."

बाबांनी नजर सलाईनच्या नळीकडे वळवली. "हृदयाचं असतं तर सांगता आलं असतं गं. दरी बघितली आणि माझे हातपाय गेले, हे प्रशांतला कसं सांगू? गाडीच्या वायरी मला दिसत होत्या, पण हात पुढे जाईना. लेकीला गाडी चालवायला लावून मी डोळे मिटून बसलो."

संचितानं त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं केलं.

आई आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कल्याणपासून ट्रॅफिक लागलेला. ती आधी डॉक्टरांना भेटली, रिपोर्ट समजून घेतले, आणि मगच आत आली. बाबांना तिनं डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहिलं. संचिता उठून बाहेर जायला निघाली, पण बाबांनीच तिला थांबवलं.

"विनू, मी घाबरलो," ते म्हणाले. "हृदय ठीक आहे. मी नुसता घाबरलो."

आई स्टुलावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. "बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं?"

"त्या ऑपरेशननंतर तुम्ही असे वागत होतात, जसं काही झालंच नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचात. मला वाटायचं, ह्यांना आता कशाचीच भीती राहिली नाही, म्हणजे दोघांची मलाच बाळगायची." मग ती रडायला लागली, आवाज न करता. बाबांनी सलाईन नसलेला हात पुढे केला आणि तो पर्सवर, तिच्या हातावर, ठेवला.

पुढच्या शनिवारी संचिता आणि प्रशांतकाका टेम्पो घेऊन गाडी आणायला गेले. बाबांनी प्रशांतकाकांना फोनवर आधीच सगळं सांगितलं होतं. वाटेत काकांनी तो विषय काढला नाही. फक्त अंगणात गाडीपाशी वाकून तिनं बांधलेली चिकटपट्टी बघितली आणि म्हणाले, "ही अशीच ठेवून चालणार नाही. नवा स्विच टाकू."

जूनमधलं स्पितीचं जाणं रद्द झालं. बाबांनी गाडी विकली मात्र नाही. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी ती बाहेर काढली आणि संचिताला मागे बसायला बोलावलं. ते ठाण्याला गेले, कोलशेतच्या खाडीकडे, जिथे रस्त्याचं काम अर्धवट पडलं होतं. खडीचा ढीग आला तेव्हा बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकले.

"इथं मला जरा भीती वाटतेय," ते म्हणाले.

"मी उतरू?"

"उतर. मी सावकाश नेतो."

ती उतरून बाजूला उभी राहिली. बाबांनी गाडी खडीवरून पलीकडे नेली. तिकडे पोचल्यावर ते लगेच वळले नाहीत. त्यांनी इंजिन बंद करून हेल्मेट काढलं, आणि संचिता खडीतून चालत त्यांच्याकडे निघाली.