चंद्राबाईची कालवं

चंद्राबाईचं नाक करोनात गेलं. ताप आठ दिवसांत उतरला, पण वास काही परत आला नाही, आणि ही गोष्ट तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. कालवं काढणाऱ्या बाईला वास येत नाही म्हटल्यावर तिच्याकडून घेणार कोण? ओहोटीला कातळ उघडा पडला की शिंपलं तिथल्या तिथेच कोयतीने उघडायचं, नाकाशी न्यायचं, मगच आतला गर टोपात टाकायचा. वास मारणारं पाण्यात फेकून द्यायचं. गावातल्या सगळ्याच जणी असंच करतात.

चंद्राबाईही शिंपलं नाकाशी न्यायची, अगदी डोळे मिटून. नुसतं नाटक! खरं नाक होतं शेजारी बसणाऱ्या गोदूचं. गोदूने तोंड वाकडं केलं की चंद्राबाईही तो खडक सोडायची. पाच वर्षं असंच निभावलं, कुणाला पत्ता लागला नाही. तिला त्याचा थोडा तोराच होता म्हणा ना.

अमावास्येला गोदू मुलीकडे काशीदला गेली. मोठी ओहोटी, एरवी दिसत नाही इतका खालचा कातळ उघडा पडलेला. असा दिवस सोडवतो कुणाला? चंद्राबाई एकटीच उतरली. डबक्यांतले खेकडे पाणी सोडून कोरड्या दगडांवर येऊन बसले होते. कातळाला चिकटलेली समुद्रफुलं एरवी पाण्यात उमलतात, तीही मिटलेली. तिने पाहिलं, आणि कोयती चालवत राहिली. गर पांढराशुभ्र होता, आणखी काय बघायचं? दुपारी बोर्लीच्या बाजारात सगळे वाटे खपले.

तिसऱ्या दिवशी त्याच बाजारात फिरोजा समोर येऊन उभी राहिली. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"चंद्राबाई, मी तुझं काय वाकडं केलं व्हतं गो? मी घरात न्हवते, आफराने कालवं शिजवली. सून मुंबईची, तिला वाटलं असाच वास असतो. मी येऊन भांड्याला नाक लावलं तर रॉकेलचा भपकारा! बोटीचं तेल पाण्यात सांडलं असणार. रात्रभर माणगावला सलाइनवर व्हती. सातवा महिना हाय तिला."

चंद्राबाई उठून उभी राहिली. "आता कशी हाय पोर?"

"बरी हाय, अल्लाचा करम. पण तू जाणूनबुजून दिलंस. हा वास तुला आला न्हाय, असं व्हईलच कसं?"

आजूबाजूचं गिऱ्हाईक थांबून बघू लागलं. लबाड म्हणवून घ्यावं की निकामी? चंद्राबाईला ‘नाकाशी नेल्याबिगर टोपात टाकू नको’ म्हणणारी सासू आठवली, सलाइन लावलेली पोटुशी पोर डोळ्यांपुढे आली. लाज वाटली, फार लाज वाटली.

"मला वासच येत न्हाय, फिरोजाबी. करोनापासून. मी गोदूचं तोंड बघून काढते."

"पाच वर्षं? म्हणजे पाच वर्षं आमी काय खाल्लं?"

"चांगलंच खाल्लंत. गोदूचं नाक पक्कं हाय. विचारा तिला."

शेजारी वाटे मांडून बसलेली गोदू कालच परतली होती. तिचा हात टोपावरच थांबला.

"गोदू, सांग की गो."

"दिवाळीत पंधरा दिस माझं नाक सर्दीनं बंद व्हतं," गोदू हळूच म्हणाली. "तवा मी तुझ्या तोंडाकडं बघून काढली."