दोन वाऱ्यांमधला अडसर

शिडे शिवण्याच्या कारखान्याच्या दाराचा मी जुना अडसर आहे. दार आतून लावल्यावर त्याला आडवे घालतात, ते लाकूड. मित्रांनो, कुलपांच्या काळात माझी अशी ओळख करून द्यावी लागते, याचे मला दुःख नाही. दुःख निराळेच आहे.

मोडीत निघालेल्या होडीच्या कण्यातून सुताराने मला तासले आणि दाराच्या लोखंडी आकड्यांत बसवले. कारखाना दोघा भावांचा. थोरला कापड बेतून शिवी, धाकटा ते होड्यांवर चढवी. पुढे दाराला कुलूप आले आणि माझी रवानगी झाडूंच्या कोपऱ्यात झाली.

चक्रीवादळाच्या दुपारी मात्र सर्वांना माझी आठवण झाली. वस्तीत भक्कम इमारत तेवढीच, म्हणून शेजारची बायकामुले आत आली आणि मला पुन्हा दाराच्या आकड्यांत घातले. वारा मागच्या भिंतीवर आदळत राहिला. मग एकाएकी पडला. फटींतून ऊन आत आले. वादळ सरले, असेच सर्वांना वाटले. धाकटा आपली होडी पाहायला निघाला.

"भावजी, थांबा जरा. पाखरंसुद्धा अजून गप्प आहेत," थोरल्याची बायको म्हणाली.

"वहिनी, होडी गेली तर उद्या तुमच्या परातीला शीड लावू का?"

थोरल्याने हसतच मला आकड्यांतून उचलले आणि धाकटा बाहेर पडला.

दुसरा वारा उलट दिशेने, थेट दारावर आला. दार उघडे राहते तर छप्पर उडाले असते, आणि खाली मुले होती. थोरल्याने भावाला हाका मारल्या. मग मला आकड्यांत घातले. त्यानंतर दारावर पुष्कळ काही आपटले. त्यांत फळ्या किती आणि माणसाचा हात होता की नाही, हे इतक्या जवळ असूनही मला कळले नाही. धाकटा परतला नाही.

दार लावायला नको होते, असे काही जण म्हणतात. मला ते अमान्य आहे. चूक लावण्यात नव्हती, उघडण्यात होती. वादळाचा मध्य शांत असतो आणि त्यापलीकडे तितकेच वादळ उरलेले असते. थोरल्याला मात्र हा युक्तिवाद पुरत नाही.

आता वारा दोन्ही दिशांनी येऊन गेल्याशिवाय मला कोणी उचलत नाही. गेल्या वादळात मधल्या शांततेत एक नावाडी थोरल्याला भित्रा म्हणाला. थोरला मला पाठ टेकून बसून राहिला.

"म्हण," तो म्हणाला. "पण आत बसून म्हण."

मित्रांनो, मला वाळवी लागली तर खुशाल नवे लाकूड बसवा. पण अशा वेळी घरचे कोणी दाराकडे निघाले, तर त्याच्या शिव्या खा. त्याला जाऊ देऊ नका.