स्वयंपाकघराची भिंत

आमच्या ह्यांचा खडूवर फार विश्वास. डोंगरावरची तीन रिकामी घरं उतरवून समुद्रकाठी उभी करायची ठरली, तेव्हा ह्यांनी प्रत्येक फळीवर खडूने आकडे घातले. ह्यांच्या जमातीत घराला खिळा मारत नाहीत. फळ्या खाचांत बसवून लाकडी खुंट्या ठोकतात, म्हणून अख्खं घर सुटं होतं. वाटेत ट्रक पावसात भिजला आणि आकडे धुऊन गेले. "माझंच घर, डोळे मिटून लावीन," हे म्हणाले. आणि बहुतेक तसंच लावलं.

दोन घरं बरी बसली. तिसरं माझ्या सासूबाईंचं. त्यात स्वयंपाकघराची काळीकुट्ट भिंत नेमकी पाहुण्यांच्या पलंगामागे गेली. बाहेर 'मुक्काम आणि नाश्ता' अशी पाटी लागली. एका पाहुण्याने त्या भिंतीचे फोटो काढून विचारलं, "हा रंग कुणी दिला?"

"सासूबाईंनी. चाळीस वर्षं चुलीसमोर बसून," मी म्हटलं.

न विचारता आईचं घर उतरवलं म्हणून माझ्या वन्सं, ह्यांची मोठी बहीण, दोन वर्षं ह्यांच्याशी बोलत नव्हत्या. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, तो मी घेतला. "दोन रात्री. नाश्त्यासकट," एवढंच बोलून ठेवला, जशा काही परक्याच! ह्यांनी ते ऐकून एकच खिडकी चार वेळा पुसली.

"आली आणि बोललीच नाही तर?"

"अंडं उकडून की तळून, एवढं तरी सांगतील," मी म्हटलं. पण हसू काही आलं नाही ह्यांना. वन्संशिवाय ह्यांच्या रक्ताचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं.

वन्सं आल्या, पिशवी दारात ठेवून तडक आत गेल्या आणि भिंतीवर हात फिरवला. तळवा काळा झाला.

"धाकट्या, आईची चूल इथे होती?"

ह्यांनी खडूची सगळी कहाणी सांगितली. वन्संनी ऐकून घेतलं, मग कडेची एक खुंटी काढून फळी उलटी केली. मागे सुरीने कोरलेल्या रेघा होत्या.

"आजोबांनी हे घर वरच्या पाड्यावरून खाली आणलं, तेव्हाच्या खुणा. प्रत्येक फळीला आहेत. घर हलवल्याचा राग नव्हता रे मला. मला विचारलं असतंस तर ह्या दाखवल्या असत्या."

"चुकलो, ताई," म्हणत ह्यांनी बाहीने डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले.

"रडतोस काय? खुंट्या ठोकायची मोगरी आण. सगळं परत लावू."

काम दोन दिवसांचं होतं. आज नववा दिवस. हे एकेक खुंटी तासभर तासत बसतात. मी वन्संपाशी तक्रार करणार होते, पण काल संध्याकाळी पाहिलं, तर ह्यांनी नीट बसवलेली फळी वन्संच हलकेच सैल करत होत्या.