पर्याय निवड समिती

वर्गमित्रांचा ईमेल-गट ज्या संकेतस्थळावर चालायचा, ते दोन महिन्यांत बंद होणार, असं २००८च्या पावसाळ्यात कळलं आणि शरदचंद्रांना चेवच चढला. बँकेत अधिकारी झाल्यापासून समिती नेमल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. त्यांनी लगेच 'पर्याय निवड समिती' काढली.

वर्गातलीच, आता विमा कार्यालयात असलेली तारा रोज त्यांचे ईमेल वाचायची आणि कपाळाला हात लावायची. सोय कुठली बरी, ह्यावर सतरा पानांचा तक्ता. त्यात मराठी अक्षरं कशी दिसतात ह्यावर मतदान. मतदान कसं घ्यायचं, ह्यावर पुन्हा मतदान! बेचाळीस जणांत बोलणारे पाच, आणि पाचही शहरातल्या मस्तगड भागात हाकेच्या अंतरावर राहणारे.

तिनं आष्टीला बद्रीनाथला फोन लावला. तो वर्गातला सगळ्यात हुशार, आता शेती करणारा.

"तुम्ही ईमेल वाचता का हो?"

"नेट-कॅफे परतूरला, ताराबाई. बाजारच्या दिवशी गेल्तो, तर लाइटच न्हाई. हे लोक काय करून राह्यलेत तिकडं?"

"दळण दळून राह्यलेत. पीठ काही पडत नाही."

त्याच आठवड्यात तिनं इंटरनेटवर एक फुकट सोय शोधली. एकदा सगळ्यांचे नंबर भरायचे. मग एकानं मोबाइलवरून लिहिलं की साऱ्यांना एसएमएस. तिनं एकेकाला फोन करून विचारलं. शरदचंद्र सोडून चाळीसही जण हो म्हणाले.

शरदचंद्र हसले. "एसएमएस? हे काय साधन झालं? समितीचा अहवाल येऊ द्या."

सप्टेंबरात एका सकाळी घनसावंगीला गणिताचे देऊळगावकर सर वारले. बद्रीनाथनं सात वाजता संदेश टाकला. जीप, एसटी, मोटारसायकल, जे मिळेल त्यानं दुपारपर्यंत एकोणतीस जण सरांच्या अंगणात उभे होते. सरांच्या पत्नीनं ताराचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

शरदचंद्र तिसऱ्या दिवशी, तारा पुन्हा सरांच्या घरी आली असताना, उगवले, तेही तणतणत. "मला कुणी कळवलंच नाही!"

"कळवायचं कशावर, ते तुमच्या समितीनं ठरवलं नव्हतं ना," तारा म्हणाली आणि चपला घालू लागली.

पुढच्या सोमवारी त्यांनी निरोप्याकरवी आपला नंबर पाठवला, सोबत टाइप केलेलं पत्र. गटाला अध्यक्ष असावा, असं त्यात सुचवलं होतं.

तारानं नंबर भरला. पत्राच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी केली.