कुणाकडचे पाहुणे

शाल्मलीच्या डोक्यातली भीती एका सकाळी माणूस होऊन, हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आईला वाटलं, हे यांच्या गावाकडचे. बाबांना वाटलं, हिच्या माहेरचे. आता आलेल्या पाहुण्याला ‘आपण कोण?’ असं तोंडावर कसं विचारायचं? आईनं पोहे टाकले.

पाहुणे थेट शाल्मलीच्या टेबलाशी, तिच्याच खुर्चीत जाऊन बसले. “तुला काही जमायचं नाही,” एवढंच ते बोलत, तेही तोंडातला घास न संपवता.

कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिला एक व्यक्तिचित्र पाठवायचं होतं. ती ‘जरा वेळानं बसते’ म्हणाली की पाहुणे वीतभर वाढत. आठवड्याभरात त्यांचे पाय हॉलमध्ये आले. बाबा ते ओलांडून ऑफिसला जात. मग कपाट जिन्यात गेलं आणि आईबाबांच्या गाद्या गच्चीवर.

“अगं, चार दिवसांचा तर प्रश्न,” आई म्हणाली. “त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको.”

डोंबल! पोरीला स्वतःच्या घरात उभं राहायला जागा नव्हती, आणि ह्यांना पाहुण्याच्या अवघडण्याची पडली होती.

समुपदेशक रजनीताई घरी आल्या, तेव्हा पाहुण्यांच्या गुडघ्यावरच टेकल्या. दुसरी जागा होतीच कुठे? “हाकलायच्या भानगडीत पडू नकोस,” त्या शाल्मलीला म्हणाल्या. “ते म्हणतात त्याला पुरावा काय, एवढं विचार. आणि चित्र वाईट काढ. पण काढ. आधी पाच मिनिटं तर बस.”

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. चारला पाहुण्यांची मान छताला टेकली आणि भिंतीला तडा गेला. शाल्मलीचं डोकंच फिरलं.

“पुरावा काय?” ती ओरडली.

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. “तसं... सगळ्यांना ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“सगळे म्हणजे कोण? नावं सांगा!”

ते डोकं खाजवू लागले.

“मग आता हलू नका. तुमचंच चित्र काढते.”

तिनं कागद ओढला आणि पेन्सिल चालवली. नाक वाकडं आलं. समोर बघते तर पाहुण्यांचंही नाक वाकडं झालेलं.

“खोड ते,” पाहुणे म्हणाले.

“नाही खोडत, जा!”

तिनं कान काढला, बटाट्याएवढा. तोही तस्साच झाला. तिला फिसकन हसू फुटलं. खांदे कागदात मावेनात म्हणून तिनं ते आखूड काढले, तशी पाहुण्यांच्या पाठीमागची खिडकी दिसायला लागली.

आता फक्त ओठ राहिले होते.

“आणि बिघडलं तर?” पाहुण्यांनी घाईघाईनं विचारलं.

“बिघडू दे. माझं चित्र आहे.”

पाहुण्यांनी आ वासला, बहुतेक आईला हाक मारायला. शाल्मलीनं पेन्सिल टेकवली आणि मिटलेल्या ओठांची एक आडवी रेघ मारली.

“भाऊजी, चहात साखर किती घालू?” आईनं दाराबाहेरून विचारलं.

पाहुण्यांनी जोर लावला, पण ओठ काही उघडेनात.

“भाऊजी?”

शाल्मलीनं तीच रेघ पुन्हा, चांगली दाबून गिरवली.